सोंगाड्याच्या तोंडाला कुलूप कोणी लावलं?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात. मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, गावच्याच पोरांचं तीन अंकी नाटक असते. त्यात मी पंधरा-सोळा सालांपासून सोंगाड्याचं काम करतो, आता नाटक बसवूनही देतो. औंदा नाटक झाल्यावर चार-पाच पोरी आणि दोन पोरं भेटायला आली. म्हणे, बहिऱ्या मामाची नक्कल नको, काळ्या नवरीवरचे विनोद नको, न्हाव्या-तेल्याची टर नको, गोंड गडी येडपट दाखवू नका, 'हिजडा' म्हणून शिवी देऊ नका. त्यातला एक तर बोलला, पुढच्या सालीही असंच केलं तर अ‍ॅट्रॉसिटी लावतो. सरपंचानं त्यावर तोड काढली, की आता गावसमितीनं नाटक वाचून पास केल्याशिवाय पडदा उघडायचा नाही. माझा पोरगा नागपूरला शिकते, तो म्हणते, बाबा, आता पोलिटिकली करेक्टच राहा लागते. मग हासावं कायले? आमच्या बापजाद्यांनी दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, काय काय म्हटलं, कोणी कधी वाईट मानून घेतलं नाही. ही मुस्कटदाबी नाही तर काय आहे?

— एक सोंगाड्या, जि. चंद्रपूर

उत्तर

सोंगाड्या भाऊ,

तुम्ही तीन निरनिराळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधून पाठवल्या आहेत. पोरी बोलल्या ती टीका. पोरानं दिली ती कायद्याची धमकी. आणि सरपंचानं ठरवलं ती सेन्सॉरशिप. तुमचा सगळा राग पोरींवर निघाला आणि सरपंचाचा निर्णय तुम्ही 'तोड' म्हणून एका वाक्यात सोडून दिलात. आम्ही उलट्या बाजूने सुरू करतो, कारण तुमचं नाटक खरोखर बंद पडू शकतं ते तिथून.

महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगाआधी तपासायचं काम राज्य सरकारचं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ करतं. त्याला आधार आहे १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यातल्या कलम ३३ खाली केलेल्या नियमांचा. या पूर्वतपासणीवर नाटकवाल्यांचा राग जुना आहे. अमोल पालेकर २०१६ मध्ये तिच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. इंग्रजांनी १८७६ मध्ये केलेला नाट्यप्रयोगांवरचा कायदा तर संसदेने काही वर्षांपूर्वी रद्दच केला. म्हणजे सरकारी मंडळाच्या अधिकारावरही वाद चालू आहे, आणि इकडे गावसमिती तोच अधिकार विनाकागद घेऊन बसली. ग्रामपंचायतीचं मैदान असेल तर ते कोणाला, किती वाजेपर्यंत द्यायचं हे ती ठरवू शकते. दुसऱ्या अंकात मामा काय बोलेल हे ठरवायचा अधिकार तिला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही.

करायचं काय? सरपंचाशी भांडू नका. साधा अर्ज लिहा: नाटकाचं नाव, तारीख, जागा, संहितेला मंडळाचं प्रमाणपत्र असेल तर त्याचा क्रमांक, आणि शेवटी एक ओळ, 'संहिता तपासण्याचा ठराव ज्या नियमाखाली झाला त्याची प्रत मिळावी.' अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नियमाचं नाव कागदावर लिहायची वेळ आली की असे ठराव बहुतेक वेळा आपोआप थंड होतात. नाटक छापील पुस्तकातलं असेल तर लेखकाकडून किंवा प्रकाशकाकडून प्रमाणपत्राची प्रत मागवा. गावातच कोणी लिहिलं असेल तर दसऱ्याच्या तालमीपर्यंत थांबू नका, पावसाळ्यातच मंडळाकडे पाठवा. मंडईच्या आठ दिवस आधी धावपळ करणाऱ्याला कोणतंच कार्यालय पावत नाही.

दुसरा सापळा 'शांतता बैठकी'चा. ठाण्यात दोन्ही बाजूंना बोलावतात, चहा येतो, आणि उठताना एक कागद पुढे सरकतो: 'आम्ही यापुढे अमुक नाटक करणार नाही.' घरी जायची घाई असते, माणूस सही करून मोकळा होतो. तामिळनाडूत २०१५ च्या जानेवारीत पेरुमल मुरुगन या लेखकाकडून प्रशासनाच्या बैठकीत अशीच सही घेतली गेली, आणि त्याने लिहिणंच सोडल्याचं जाहीर केलं. मद्रास उच्च न्यायालयाने ५ जुलै २०१६ च्या निकालात म्हटलं, की ती तडजोड लेखकावर बंधनकारक नाही, त्याने लिहीत राहावं. तेव्हा बैठकीला जा, ऐकून घ्या, बोला, पण 'वकिलाला दाखवून उद्या देतो' म्हणून कागद घरी आणा. पोलिसांनी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम १४९ ची, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतल्या कलम १६८ ची नोटीस दिली तर ती घेऊन सही करायला हरकत नाही. ती ताकीद आहे, गुन्हा घडू देऊ नका एवढाच तिचा अर्थ. नाटकावर बंदी घालणारा आदेश ती नव्हे.

आणि 'लोक दंगा करतील म्हणून नाटक बंद ठेवा' असं कोणी म्हटलं, तर सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा एस. रंगराजन खटल्यातला निकाल लक्षात ठेवा. प्रकरण सिनेमाचं होतं, पण तत्त्व स्वच्छ आहे: दंग्याची, मोर्चाची धमकी आली म्हणून बोलणाऱ्याचं तोंड दाबता येणार नाही, बंदोबस्त ठेवणं हे सरकारचं काम.

याहून एक वाईट प्रकार खेड्यात असतो, त्याला कोणी सेन्सॉरशिप म्हणत नाही. पाणी बंद, दळण बंद, लग्नाचं आवतन बंद. नाटकात काही बोलला म्हणून कोणाच्या घराला वाळीत टाकलं, तर महाराष्ट्रात त्यासाठी सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार ठाण्यात करता येते, थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडेही.

आता तो अ‍ॅट्रॉसिटी म्हणणारा पोरगा. गावागावात या कायद्याबद्दल दोनच मतं ऐकू येतात: एक म्हणतो, 'ब्र काढला की आत टाकतात', दुसरा म्हणतो, 'दाखवू एकदा इंगा'. दोघांनीही कायदा वाचलेला नसतो. १९८९ च्या या कायद्याच्या कलम ३(१)(आर) मध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, पाणउतारा करायच्या हेतूने, चारचौघांना दिसेल अशा ठिकाणी अपमानित करणं हा गुन्हा आहे. ३(१)(एस) मध्ये तशाच ठिकाणी जातीवाचक शिवीगाळ. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड. आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसला तरच कलम लागतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चार भिंतींच्या आत झालेला प्रकार 'चारचौघांत' धरता येत नाही. २०२४ मध्ये सांगितलं, की अपमान त्या माणसाच्या जातीमुळेच केलेला असावा लागतो. अटकपूर्व जामिनाला कलम १८ ची आडकाठी आहे खरी, पण प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर ती राहत नाही. तपासही हवालदार करत नाही, उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो.

'जरा काही बोललं की अ‍ॅट्रॉसिटी' म्हणणाऱ्यांनी भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी आठवावं. २९ सप्टेंबर २००६ ला एका दलित घरातल्या चौघांचा खून झाला, खुनाबद्दल शिक्षाही झाल्या, पण ना २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने, ना २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यात अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा गुन्हा सिद्ध मानला. इतकं सगळं होऊन जे कलम टिकलं नाही, ते बहिऱ्या मामाच्या विनोदाला कुठून लागणार? आणि न्हावी-तेल्यांवरच्या विनोदाला तर हे कलम लागूच नाही, या जाती महाराष्ट्रात इतर मागासवर्गात आहेत.

पण भाऊ, गोंड गड्याची गोष्ट वेगळी आहे. गोंड ही अनुसूचित जमात आहे. रंगमंच म्हणजे चारचौघांची जागा, यात शंका घ्यायला वाव नाही. समोर शे-दोनशे माणसं त्याच जमातीची बसलेली आहेत आणि पात्राच्या येडपटपणाचं कारण म्हणून तुम्ही जमातीचं नाव घेता. गावातल्या एखाद्या खऱ्या गड्याचं नाव, त्याची चाल, त्याचं बोलणं उचललं असेल तर प्रकरण सरळ कलमाच्या तोंडाशी जातं. हे पात्र बदला. भीतीने बदला असं आम्ही म्हणत नाही. चंद्रपूर, बल्लारपूर इथे गोंड राजांचे किल्ले उभे आहेत, आणि त्या मुलखातला सोंगाड्या गोंड म्हटलं की येडाच गडी दाखवतो, ही आधी माहितीची चूक आहे. त्या पोराला बोलवा, विचारा, 'तुला नेमकी कोणती ओळ लागली?' बहुतेकदा एक किंवा दोन ओळी निघतात. धमकी देणाऱ्याला आजपर्यंत असं कोणी विचारलेलंच नसतं, म्हणून तो कलमाचं नाव घेतो.

'कोणी कधी वाईट मानलं नाही' हे तुमचं वाक्य आम्हाला पटत नाही. ज्याला वाईट वाटायचं तो दुसऱ्या दिवशी त्याच पाटलाच्या वावरात कामाला जायचा, तो काय बोलणार होता? वाईट तेव्हाही वाटत होतं. सांगायची सोय नव्हती.

राहिला पोरींचा मुद्दा. तो सगळ्यात सोपा, कारण त्यात बंदी काहीच नाही. तुम्ही बोललात, त्या बोलल्या. तुम्हाला रंगमंचावरून बोलायचा हक्क आहे, तसा त्यांना खाली उतरल्यावर 'हे आवडलं नाही' म्हणायचा. घटनेच्या १९(१)(अ) मध्ये दोघांचाही समावेश होतो. तुमच्या पोराने वापरलेला 'पोलिटिकली करेक्ट', म्हणजे कोणाला लागणार नाही असं जपून बोलणं, हा शब्द अमेरिकेतला. तिकडची डावी मंडळी सत्तरच्या दशकापासून आपल्याच अति सोवळ्या लोकांना चिडवायला तो वापरत. मग १९९० च्या सुमारास वर्तमानपत्रांनी उचलला, आणि १९९१ च्या मे महिन्यात अध्यक्ष बुश यांनी मिशिगन विद्यापीठातल्या भाषणात त्याला बोलण्याच्या स्वातंत्र्यावरचं संकट ठरवलं. तो वाद त्यांच्या कॉलेजांचा. आपल्याकडे शब्दाचं भांडण त्याहून जुनं आहे. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत कायद्याच्या मसुद्यातल्या 'हरिजन' शब्दाला हरकत घेऊन आंबेडकर आणि त्यांच्या पक्षाचे सदस्य सभागृह सोडून गेले होते. आम्हाला काय म्हणायचं ते आम्ही ठरवू, एवढंच ते म्हणत होते.

आता पोरींची यादी एकेक करून घेऊ, कारण प्रत्येक ओळीचं औषध वेगळं आहे.

बहिरा मामा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ मध्ये दिव्यांग माणसाचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केल्यास सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. म्हणून बहिरं पात्र आणायचंच नाही का? तसं मुळीच नाही. ८ जुलै २०२४ च्या एका सिनेमावरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विनोदाचे दोन प्रकार वेगळे केले: व्यंग असलेल्याचं जगणं समजायला मदत करणारा विनोद, आणि त्याला खाली ढकलणारा विनोद. रंगमंचावर हा फरक कसा दिसतो पाहा. मुलगी बघायचा प्रवेश आहे. मध्यस्थ म्हणतो, 'पोरगी बारावी झाली.' मामा म्हणतो, 'अरे देवा, पोरीला बारा वासरं झाली?' इथे हशा शब्दांच्या गोंधळावर आहे, खुशाल ठेवा. त्यानंतर नवरदेव मामाच्या टाळक्यात मारतो, 'ए ठोश्या' म्हणतो, मामा तोंड वेंगाडून घशातून आवाज काढतो. इथे हसण्यासारखं फक्त त्याचं व्यंग उरलं. हा भाग कापा आणि त्या जागी असं करून बघा: मध्यस्थ मामाच्या बंद कानाजवळ तोंड नेऊन हुंड्याचा आकडा सांगतो. मामा दुसरा कान पुढे करत मोठ्याने म्हणतो, 'त्या कानानं मले ऐकू येत नाही बाप्पा, पण साऱ्या गावाले ऐकू येऊन राहिलं!' टाळी तीच, कदाचित मोठी. मामाचा बहिरेपणा गेला नाही, तोंडावर आपटला मध्यस्थ.

काळी नवरी. याला कुठलंही कलम नाही. विनोद शिळा आहे आणि समोर बसलेल्या निम्म्या बायका तो आयुष्यभर घरात ऐकत आल्या आहेत. काढून टाका, पुढे चला.

न्हावी-तेली. धंद्यावर हसता येतं, जातीवर हसताना अडचण येते. गावातली बातमी वस्तऱ्याआधी न्हाव्याच्या दुकानात पोचते, यात न्हावीही हसेल. 'न्हाव्याची अक्कल' म्हणालात तर तो आणि त्याची पोरं मान खाली घालतील. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ (जुनं १५३अ) समाजासमाजात वैर पेरण्याबद्दल आहे. असा विनोद त्यात बसणं अवघड. मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरचा गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शब्दांचा परिणाम मापायचा तो खंबीर, समजूतदार माणसाच्या मापाने, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्याच्या मापाने नव्हे. तेव्हा कोर्टाची भीती नको. पण न्हाव्याला प्रवेशातली सगळ्यात हुशार ओळ देऊन पाहा, विनोद दुप्पट चालतो.

'हिजडा' ही शिवी काढा. २०१९ च्या तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या कायद्यात शाब्दिक आणि मानसिक छळालाही शिक्षा आहे, सहा महिने ते दोन वर्षं. पण इथे पोरींनाही एक सांगा. दंडारीत मुलगा लुगडं नेसून नाचतो, खडी गंमत या लोकनाट्यात नाच्या असतो, त्यात कोणाचा अपमान नाही. ती आपल्या मुलखाची कला आहे. सोंग घेणं वेगळं आणि कोणाच्या असण्याची शिवी करणं वेगळं. 'पुरुषाने बाईचं काम करूच नये' इथपर्यंत कोणी गेलं, तर तिथे तुम्ही ठाम नाही म्हणा.

हे सगळं ऐनवेळी सुचत नसतं, त्यासाठी वाचन लावा. पहिली तालीम सुरू व्हायच्या आधी एक संध्याकाळ. सहा-सात जण पुरेत: त्यात दोन बाया, ज्यांच्यावर विनोद आहे त्यांच्यातला एक तरी, एक म्हातारा प्रेक्षक, प्रॉम्प्टर आणि नाटक बसवणारा. दोघांनी वाचायचं, एकाने लाल पेन्सिल घेऊन बसायचं. जिथे हशा अपेक्षित आहे तिथे समासात खूण, आणि खुणेपुढे एकच नोंद: हशा कोणावर? तीन अंकांत साठ-सत्तर जागा सहज निघतील. वादाच्या आठ-दहा असतील. त्या प्रत्येकीपुढे 'ठेवा', 'फिरवा' किंवा 'काढा' यातला एक शब्द. मतदान घेऊ नका. ऐकायचं सगळ्यांचं, ठरवायचं नाटक बसवणाऱ्याने आणि लेखकाने. सरपंचाच्या समितीत आणि या वाचनात हाच फरक आहे, आणि कोणी विचारलं तर असाच सांगा.

एवढं करूनही घोळ होतो तो अ‍ॅडिशनमुळे. संहिता स्वच्छ असते, पण रात्री दोन वाजता प्रेक्षक पेंगायला लागले की सोंगाड्या पदरचं बोलतो, आणि पदरचं म्हणजे हाताशी असलेलं सगळ्यात सोपं: जात, रंग, व्यंग. तुम्ही जुने जाणते आहात, हे आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. आता फरक एवढाच, की समोर प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि अर्ध्या मिनिटाची क्लिप मागचा-पुढचा संदर्भ न घेता तालुकाभर फिरते. उपाय: पोरांना पाच-सहा अ‍ॅडिशन आधीच तयार करून द्या, त्यावर्षीच्या विषयांच्या. धानाचे चुकारे अडकले, घरकुलाचा हप्ता आला नाही, वाघाच्या भीतीने जागलीला कोणी जात नाही, लाइट गेली. प्रॉम्प्टरच्या वहीत त्या शेवटच्या पानावर असू द्या. आणि पूर्ण प्रयोगाचं एक रेकॉर्डिंग तुमच्या नाटक मंडळीकडे ठेवा. कापलेल्या क्लिपला उत्तर म्हणून ते लागतं.

क्लिप फिरलीच तर? चूक असेल तर माफी मागा, पण 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हे वाक्य नको; त्यात दुखावलेल्यालाच जबाबदार धरलेलं असतं. 'मी अमुक ओळ बोललो, ती चूक होती, पुढच्या प्रयोगात ती नसेल.' तीन वाक्यं, त्याच माणसासमोर. चूक नसेल तर माफी मागू नका, ओळीचा अर्थ सांगा आणि गप्प राहा. गुन्हा दाखल झाला तर एफआयआरची प्रत मिळवा. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. आधी बहुधा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहायची नोटीस येते, ती पाळा. वकिलाला पैसे नसतील तर तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

तुमच्या प्रश्नात तथ्य नाही असं आम्हाला म्हणायचं नाही. शब्दांचा जाच होतो, तो आम्ही नाकारत नाही. सत्तर वर्षांची आजी 'हरिजन' म्हणते, कारण तिच्या तरुणपणी तोच सभ्य शब्द म्हणून शिकवला होता. सेवाग्राम काही इथून लांब नाही. तिला शहरातून आलेला नातू चारचौघांत झापतो, तेव्हा तो कोणाचंही भलं करत नाही, स्वतःचं शिक्षण दाखवतो. वरून लादलेल्या शब्दांचंही तसंच. २०१८ मध्ये नागपूर खंडपीठाच्या निर्देशानंतर केंद्राने वाहिन्यांना 'दलित' शब्द टाळून 'अनुसूचित जाती' म्हणायचा सल्ला दिला. पण 'दलित' हा तर त्या चळवळीने स्वतः निवडलेला शब्द, १९७२ मध्ये दलित पँथर संघटनेने तोच आपल्या नावात घेतला. तो काढा म्हटल्यावर अनेक दलित कार्यकर्त्यांनीच हरकत घेतली. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय केला, चांगलं झालं. पण पाटीवर समतानगर लिहिलं आणि नाली तीच तुंबलेली, ग्रामपंचायतीच्या दारावर 'दिव्यांग कक्ष' आणि चढायला तीन पायऱ्या, हे पाहून तुमच्यासारख्याला हसू आलं तर त्यात चूक नाही. उलट हा तुमचाच विषय आहे. बसवा त्याच्यावर एक प्रवेश.

आणि आता एक प्रश्न आमच्याकडून, तोही लाल पेन्सिलने सोडवायचा. या पंधरा-सोळा वर्षांत तुमच्या नाटकात सावकारावर किती विनोद झाले? मंडईला मोठी वर्गणी देणाऱ्या ठेकेदारावर? ज्याचा फोटो पडद्याच्या वर फ्लेक्सवर लागतो त्या पुढाऱ्यावर? राइस मिलच्या काट्यावर? ते विनोद तुम्हाला सुचले नसतील असं आम्ही मानत नाही. सुचले, आणि तालमीतच कोणीतरी म्हणालं, 'जाऊ दे, पुढच्या साली वर्गणी मागायची आहे.' त्याला कोणी पोलिटिकली करेक्ट म्हटलं नाही, त्यावर तुम्ही पत्रही लिहिलं नाही. पण तुमच्या जिभेवरचं जुनं कुलूप ते आहे, आणि त्याची किल्ली पोरींच्या हाती कधीच नव्हती. बहिरा, काळी, गोंड, हिजडा यांच्यावर विनोद एवढ्याचसाठी सोपे वाटत आले, की ते वर्गणी देत नाहीत. या साली पाच जागा यांच्या काढा आणि पाच जागा सावकार-ठेकेदारांच्या घाला. मग बघा, नाटक थांबवायला खरोखर कोण येतो. तो आला की आम्हाला पुन्हा लिहा, वरची कलमं तेव्हा खरी उपयोगी पडतील. त्या माणसाचं खरं नाव मात्र संहितेत घालू नका. न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६ आहे, आणि सावकाराला वकील परवडतो.

जाता जाता, तुम्ही विचारलं नाही पण सांगून ठेवतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावर भोंगा रात्री दहा ते सकाळी सहा बंद. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातलं, नाटक तर अकराला उभं राहते आणि कोंबडा आरवल्यावर पडते. मंडईचा दिवस त्या सवलतीच्या यादीत आहे का, हे ठाण्यात आधी विचारा, परवानगी लेखी घ्या, आणि तिसरा अंक बिनमाईकचा करायची तालीम असू द्या.